बुधवारची प्रार्थना चालवायची कशी? (खेड्यातली मंडळी, मिशन आणि मास्तर)

बाजरीचं_कणीस

सलाम, राम राम, जय भीम. ज्याला जे चालतं ते घ्या.

आमचं गाव नगर जिल्ह्यात, शेवगावच्या अंगाला. गावात जुनी ख्रिस्ती मंडळी आहे, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची. दप्तरात चाळीसेक घरं. चर्च म्हणजे काळ्या दगडाची एक लांबट खोली, वर पत्रा. घंटा नाही, रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय, त्याच्यावर लोखंडी पहार मारायची. एके काळी याच खोलीत सोमवार ते शनिवार शाळा भरायची आणि रविवारी उपासना. मी पुण्यात नोकरीला, पण आई गावी असते म्हणून येणं-जाणं चालू असतं.

अडचण अशी. आमच्या पाळकसाहेबांकडे (म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे) पाच गावं आहेत. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी ते येतात, बाप्तिस्मा, लग्न, माती असेल तेव्हा येतात, बाकी वेळी आमचं आम्ही. रविवारची उपासना कशीबशी होते. बुधवारची संध्याकाळची प्रार्थना मात्र आता तीन-चार म्हाताऱ्यांवर आली आहे. त्यात दिवाळीनंतर निम्मी घरं कोयत्याला जातात. (बाहेरच्यांसाठी: कोयत्याला म्हणजे ऊसतोडीला.) नाताळाला चर्चमध्ये म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली पोरं, एवढेच. तरणी पोरं तालुक्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये नवीन फेलोशिप निघाली आहे तिकडे जातात. तिथे कीबोर्ड आहे, माईक आहे.

पंचांच्या बैठकीत एकाने सुचवलं की बुधवार बंदच करू. आई चिडली. म्हणाली, "बुधवार बंद केला तर रविवार किती दिवस टिकंल?"

तर प्रश्न असा की पाळकाशिवाय प्रार्थना चालवणाऱ्या मंडळ्या कुणी जवळून पाहिल्या आहेत का? आणि पूर्वी हे कसं चालायचं? कारण मिशनरी साहेब काही दर बुधवारी आमच्या गावात नव्हता.

धर्मांतराचा वाद इथे नको म्हणतो. होणार हे माहीत आहे.

जुनी_मास्तरीण

कणीसराव, शेवटचं वाक्य बरोबर पकडलंत. साहेब गावात नव्हताच. गावात होता तो मास्तर.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे १८१३ साली मुंबईत उतरले, तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. नगरला ठाणं झालं १८३१मध्ये. तुमच्या बाजूला वडाळ्याला सॅम्युअल फेअरबँक होते. (अवांतर: या गृहस्थांना पक्ष्यांचा भारी नाद. दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही फेअरबँक आहेत.) आता एक साहेब आणि त्याच्याकडे पन्नास-साठ गावं असली, तर एका गावाला तो वर्षातून किती वेळा दिसणार? थंडीत दौरा निघायचा. बैलगाडीवर तंबू लादून, गावाबाहेर आमराईत मुक्काम, रात्री पडद्यावर जादूच्या कंदिलाची चित्रं, सकाळी दवापाणी, की चालले पुढच्या गावाला. ते गेल्यावर उरलेले अकरा महिने गावात मास्तर आणि मास्तरीणबाई.

माझे वडील असेच मास्तर. दिवसा पोरांची शाळा. रात्री मोठ्यांची शाळा, कंदिलावर. बुधवारी प्रार्थना, रविवारी उपासना, शिवाय कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाची मनीऑर्डर वाचून दाखव, पाटलाशी भांडण झालं तर कचेरीत बरोबर जा. आई बायकांना शिवण शिकवायची आणि शिवता शिवता स्तोत्रं पाठ करून घ्यायची. दोघांना मिळून पगार एका मास्तराचा. मिशनच्या अहवालांमध्ये या माणसांना 'नेटिव्ह मदतनीस' असं एका ओळीत उरकलेलं असतं. मदत कोण कुणाला करत होतं हा प्रश्नच आहे.

१९३०नंतरच्या मंदीत अमेरिकेतून येणारा पैसा आटला, तेव्हा पहिली कुऱ्हाड गावच्या शाळांवर पडली. स्वातंत्र्यानंतर राहिलेल्या शाळाही एकेक करून सरकारी झाल्या. शिक्षण सगळ्या गावाचं झालं, ते चांगलंच झालं. पण मास्तर सरकारी झाला की त्याची बदली होते. वडिलांची झाली. आम्ही गाव सोडलं आणि त्या गावच्या बुधवारच्या प्रार्थनेला वाली राहिला नाही. मंडळ्या ओस पडल्या त्या साहेब परत गेला म्हणून, असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर मास्तर गेला म्हणून.

तर्कटराव

वाद नको म्हटलंत म्हणून हळूच विचारतो. या मंडळ्या मुळात उभ्या राहिल्या त्या दुष्काळातल्या धान्यावर ना? १८७६चा दुष्काळ, मग १८९६, मग १८९९-१९००. नकाशावर दुष्काळ आणि बाप्तिस्मे एकमेकांवर ठेवून पाहा. पोटासाठी धर्म बदलला असेल तर पोट भरल्यावर बुधवारची प्रार्थना ओस पडणारच. यात मास्तराचा काय दोष?

आणि कायद्याचंही बघा. घटनेच्या २५व्या कलमात प्रचाराचा हक्क आहे, पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलेलं आहे.

जुनी_मास्तरीण

तर्कटराव, दुष्काळात बाप्तिस्म्यांचे आकडे फुगले हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. खुद्द मिशनऱ्यांमध्ये यावरून भांडणं होती, कुणाला घ्यायचं, कुणाला थांबवायचं म्हणून. पाऊस पडल्यावर बरेच परत गेले. जे राहिले त्यांचं काय, ते सांगा. पाऊस पडल्यावर, धान्य बंद झाल्यावर, गावकीने पाणी तोडल्यावर राहिले ते कशासाठी राहिले?

माझं उत्तर: शाळेसाठी. माझ्या पणज्याला अक्षर पाहिजे होतं. नगरला सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा पाहूनच जोतिरावांच्या मनाने घेतलं, ही काही कुणी मिशनऱ्याने रचलेली गोष्ट नाही. अक्षराची भूक पोटाच्या भुकेपेक्षा हलकी आहे असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला ती कधी लागली नसावी.

भीमतीर

तर्कटरावांना माझ्याकडून एवढंच.

माझ्या आजोळी एका वाड्यात अर्धी घरं ख्रिस्ती, अर्धी १९५६नंतर बौद्ध. रोटीबेटी चालू, जयंतीला आणि नाताळाला मांडववाला एकच. म्हणून दोन्हीकडचं माहीत आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ला त्यात शीख आले, १९९०ला बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला महार-मांग अजून बाहेर. गावात त्याला वागवतात पूर्वीसारखंच, सवलत मात्र नाही. म्हणजे धान्यासाठी झाला असेल असं धरून चाललं, तरी १९५०पासून ख्रिस्ती राहण्यात तोटाच आहे. तीन-चार पिढ्या कुणी तोट्यात धंदा करतं का?

म्हणूनच कित्येक घरांत दाखल्यावर एक आणि देव्हाऱ्यात दुसरं असं चालतं. कागदावर जुनी जात, भिंतीवर येशू. याला ढोंग म्हणणारे खुशाल म्हणोत. पोराची फी भरायची असते.

बाकी बुधवारच्या प्रश्नावर मला मत नाही. आमच्या विहारातली रविवारची वंदना पण म्हाताऱ्या बायांवरच आहे.

नवा_द्राक्षारस

मी त्या पत्र्याच्या शेडमधला. कणीसदादा, तुमचीच नाही पण तसलीच फेलोशिप, राहुरीकडे.

पोरं कीबोर्डासाठी येतात असं तुम्हाला वाटत असेल तर सोडून द्या. मी आमच्या गावच्या जुन्या मंडळीत वाढलो. उपासना संगीत (आमचं गीतांचं पुस्तक), उत्तरोत्तर वाचन, शास्त्रपाठ, संदेश, आशीर्वाद, घरी. माझा बाप दारू पीत होता हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत "आजारी व दुःखी यांना सांभाळ" एवढं म्हणायचे. कुणी कधी माझ्या बापाचं नाव घेतलं नाही. लाजेपोटी असेल. शेडमध्ये पहिल्याच दिवशी एका माणसाने विचारलं, काय त्रास आहे? नाव सांग. आणि नाव घेऊन, डोक्यावर हात ठेवून, मोठ्याने प्रार्थना केली. नंतर रोज रात्री फोन. बाप सुटला का, तर सुटला, दोन वर्षं लागली. प्रार्थनेने सुटला की रोजच्या फोनने सुटला ते तुम्ही ठरवा.

जुन्या लोकांना आमचं ओरडणं, रडणं, हात वर करणं परदेशी वाटतं. वाटू दे.

जुनी_मास्तरीण

परदेशी? बाळा, तुझी बाजू मीच मांडते.

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जूनमध्ये जे घडलं ते वाच. तिथे दुष्काळातून आणलेल्या मुली होत्या, आधी मध्य प्रांतातल्या, १९००मध्ये गुजरातेतल्या. महिनोन् महिने रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या. एके रात्री सुरुवात झाली आणि मग शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करताहेत, रडताहेत, पापं कबूल करताहेत. ज्या लॉस एंजलिसच्या अझूसा स्ट्रीटपासून पेंटेकोस्टल (म्हणजे तुमच्यासारख्या मोठ्याने प्रार्थना करणाऱ्यांच्या) चळवळीचा इतिहास सांगतात, ती गोष्ट १९०६ची. म्हणजे दौंड तालुक्यातल्या केडगावच्या पोरी वर्षभर आधी. आणि रमाबाई कोण, तर संस्कृतच्या पंडिता. पण मुलींना गप्प बसा म्हणाल्या नाहीत.

सिस्टर_नाइटड्यूटी

मिशन हॉस्पिटलात आयुष्य गेलं, म्हणून मध्ये बोलते. नाव घेऊन प्रार्थना करा, हात ठेवा, रडा, माझं काही म्हणणं नाही. मी स्वतः ऑपरेशनच्या आधी पेशंटचा हात धरून प्रार्थना केलेली आहे, पेशंट कुठल्याही धर्माचा असो, त्याला विचारून. पण "विश्वास आहे ना, मग गोळी कशाला" असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला शेडच्या बाहेर काढा. टीबीची गोळी मध्येच सोडली की पुढची गोळी लागू पडत नाही. साखरेच्या पेशंटचा पाय जातो. प्रार्थनेनंतर तेल लावलेल्या जखमा धुतल्यात मी. आमच्या जुन्या डॉक्टरीणबाई वॉर्डात आधी गुडघे टेकायच्या आणि मग स्टेथोस्कोप काढायच्या. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

नवा_द्राक्षारस

सिस्टर, शंभर टक्के मान्य. आमच्याकडे बापाला डॉक्टरकडे आम्हीच नेलं होतं. पण असे लोक आहेत हे खरंय.

वारीतला_एक

मी माळकरी. आमचं गाव पैठणच्या नाथांच्या पालखीच्या वाटेवरचं. गावात सात-आठ ख्रिस्ती घरं. दिंडी आली की त्यांच्याकडूनही पाण्याचे हंडे निघतात.

सांगायचं ते वेगळंच. लहानपणी नाताळात त्यांच्या मंदिरात कीर्तन ऐकलंय. उभं राहून, चिपळ्या घेऊन, मागे पेटी-तबला. पूर्वरंग, मधे गजर, उत्तररंगात उधळ्या पुत्राचं आख्यान. बुवा धोतर-फेट्यात. आमचे आजोबा पहिल्या ओळीत. घरी येताना म्हणाले, आख्यान लावलं झकास, फक्त अभंगाची चाल पडली. ही परंपरा कुठून आली?

जुनी_मास्तरीण

नगरहूनच. कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, १९व्या शतकात. त्याआधी गाणी म्हणजे इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी. शब्द मराठी, पण गाताना ठेचा लागायच्या. मग नारायण वामन टिळक आले. १८९५ला बाप्तिस्मा, पुढे नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवायला. ही शाळा रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८मध्ये काढलेली. टिळकांनी अभंगात, ओवीत, पदांत लिहिलं आणि ते खेड्यातल्या बाईच्या तोंडी बसलं. उपासना संगीतातली त्यांची पदं काढून घेतली तर आमची बुधवारची प्रार्थना मुकीच होईल. शेवटी-शेवटी ते मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' मांडला, १९१७मध्ये, बाप्तिस्मा घेतलेल्या न घेतलेल्या सगळ्यांसाठी. १९१९ला वारले. आणखी दहा वर्षं मिळाली असती तर मराठी ख्रिस्ती मंडळी वेगळी दिसली असती असं माझं मत आहे.

आणि उलट दिशेनेही काम झालं. याच मिशनचे जस्टिन ॲबट यांनी निवृत्तीनंतर मराठी संतांची चरित्रं आणि कविता इंग्रजीत नेली.

श्रीरामपूरकर

कॅथॉलिक मंडळींचं कुणी बोलत नाहीये म्हणून हजेरी.

आमच्याकडे फादर असतात, सिस्टर असतात, रविवारी मिस्सा (आमची मुख्य उपासना) असते, त्यामुळे कणीसरावांची अडचण आम्हाला तेवढी नाही. पण खेड्यात फादर आमच्याकडेही महिन्यातून एखाददा येतात. मधल्या काळात जपमाळ. वाडीवरच्या बाया मे आणि ऑक्टोबरमध्ये रोज एकेका घरी जमतात. यात पुढारी लागत नाही, हेच तिचं बळ. माळ हातात आहे, मणी संपले की प्रार्थना संपली. ज्याला वाचता येत नाही तोही चालवू शकतो. आणि मग सप्टेंबरात हरेगावची मतमाउलीची (येशूच्या आईची, मारियेची) यात्रा. त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना. यात्रेला येणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि बिगरख्रिस्ती किती हे कुणी मोजत नाही. नवस सगळ्यांचेच.

मिशनकार्य म्हणाल तर आमच्या भागात फादर हरमन बाखर यांचं नाव निघतं. स्वित्झर्लंडचे जेझुइट, १९४८मध्ये भारतात आले, २०२१मध्ये गेले. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी बघून या. उघडाबोडका डोंगर होता, तिथे १९९०च्या दशकात गावकऱ्यांनी चर खणले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली. नंतर विहिरींना पाणी आलं. त्या कामात श्रमदान करणारे जवळजवळ सगळे हिंदू, त्यांचा बाप्तिस्मा कुणी मागितला नाही.

तर्कटराव

बाखरांबद्दल माझ्याकडून दंडवत. दरेवाडी पाहिली आहे. असं मिशन असेल तर माझा आक्षेप नाही.

भीमतीर यांचा १९५०चा मुद्दा मला आधी सुचला नव्हता, त्याला उत्तर शोधतोय.

आयझॉलहून_परत

कणीसराव, तुमच्या मूळ प्रश्नाला थेट उत्तर. नोकरीनिमित्त मिझोराममध्ये राहिलो आहे. तिथे जवळजवळ सगळं राज्यच ख्रिस्ती, आणि एकेका पाळकाकडे कितीतरी गावं. तरी आठवड्यात अनेक संध्याकाळी चर्च भरलेलं. कसं, तर पाळकाची वाटच बघत नाहीत. मंडळीतले वडील, त्यांना 'उपा' म्हणतात, तेच चालवतात. उपदेश कोण करणार याची पाळी आधीच लावलेली असते. शेतकरी, कारकून, शिक्षिका, कुणीही. भाषण दहा-पंधरा मिनिटं. वाईट झालं तरी कुणी नाक मुरडत नाही, कारण पुढची पाळी आपली असते.

दुसरं, 'बुहफाई थाम'. बाई भात शिजवायला तांदूळ काढते तेव्हा एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. आठवड्याने मंडळीतल्या बाया ते गोळा करतात, विकतात, पैसा चर्चच्या कामाला. १९१०पासून चालू आहे. एका मुठीने कुणी गरीब होत नाही, पण तिथल्या चर्चने या मुठींवर प्रचारक पोसले, इमारती बांधल्या. बाहेरून पैसा येईल म्हणून कुणी थांबलं नाही.

चुलीपुढची

मला लिहायला माझी नात मदत करते आहे. मी गंगथडीची, माझी आजी बायबलबाई होती, म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवायची. मुठीचं धान्य आमच्याकडे पण होतं, बाजरीचं. सासूने चालू ठेवलं होतं. रेशन आलं, गिरणी आली, आणि मोडलं.

आमच्या वस्तीवर बुधवारची प्रार्थना अजून आहे आणि पाळक नाहीत. कशी चालते ते सांगते. चर्चमध्ये नाही, घरी. दर बुधवारी वेगळं घर. ज्याच्या घरी, त्याने फक्त सतरंजी टाकायची. चहा नाही. चहा सुरू केला होता, मग पोहे आले, मग ज्याच्या घरी पोहे होत नाहीत त्याने बोलावणं बंद केलं. म्हणून चहा बंद. पाणी.

पहिलं गाणं ज्याच्या घरी प्रार्थना, त्याच्या पसंतीचं. मग स्तोत्र. आम्हा तिघींना वाचता येत नाही पण तेविसावं आणि एकशे एकविसावं पाठ आहे, तेवढ्यावर वेळ मारून नेतो. पोरगं हाताशी असलं तर नवीन वाचून घेतो. मग प्रत्येकीने एक गोष्ट सांगायची, काय मागायचं ते. बोअरला पाणी लागू दे. पोराचं पोलीस भरतीत होऊ दे. उसात बिबट्या आहे, पाणी द्यायला रात्रीची लाइट असते, धनी सुखरूप येऊ दे. एकदा एकीने मागितलं कांद्याला भाव येऊ दे आणि दुसरी म्हणाली माझी लेक पुण्यात विकत घेऊन खाते, भाव उतरू दे. दोन्ही मागितलं. देवाने काय करायचं ते त्याने बघावं.

आणि एक नियम. जिचं मागणं, तिने स्वतःसाठी प्रार्थना करायची नाही. शेजारणीने करायची. त्यामुळे ऐकावं लागतं. आणि तिच्याशी अबोला धरता येत नाही, कारण आज तुझं मागणं तिच्या तोंडी आहे. त्या पोराने वर लिहिलंय की त्याच्या बापाचं नाव कुणी घेतलं नाही, ते वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे दारूचं नाव घेतात. पण एक अट, इथलं मागणं वेशीवर सांगायचं नाही. सांगितलं म्हणून एकीला आम्ही बोलावणं थांबवलं होतं. परत आली ती पुढच्या नाताळाला.

अर्पण डब्यात. पाळक येतात तेव्हा त्यांच्या हाती देतो.

जुनी_मास्तरीण

चुलीपुढच्या बाई, सलाम. माझ्या आईची आठवण आली.

कारखान्यावरचा

पहिल्यांदा लिहितोय. मी मुकादम, आमच्या टोळीत सात-आठ कोयते (म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी) ख्रिस्ती. नाताळ उसाच्या फडात जातो. पहाटे तीनला गाडी भरायची असते, तेव्हा मध्यरात्रीची प्रार्थना कोण करणार? तरी कोपीवर (तळावरच्या झोपडीवर) स्टारचा कंदील लावतात, मोबाइलवर गाणी लावतात. एका वर्षी गावाकडचे पाळक मोटरसायकलवर तळावर आले होते. ट्रॉलीच्या फाळक्यावर भाकरी ठेवून प्रभुभोजन केलं. बाकीच्या टोळ्यातले लोक पण बसले होते बघायला. मंडळीने आमच्याकडं यावं. आम्ही सहा महिने येऊ शकत नाही म्हणून दप्तरातून गेलो का?

आणखी एक. कापणीचा सण आमच्या गावी ज्वारी निघाल्यावर करतात. तेव्हा आम्ही फडात. आमच्या नावचं अर्पण म्हातारी नेऊन देते. बाजरी निघते तेव्हा सण ठेवला तर आम्ही असतो की.

बाजरीचं_कणीस

मुकादम, तुमची शेवटची ओळ मी जशीच्या तशी पंचांना वाचून दाखवली. कुणाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. सण पूर्वापार ज्वारीला, म्हणून ज्वारीला. आता ठरलंय, यंदा कापणीचा सण बाजरीला, दसरा-दिवाळीच्या मधल्या रविवारी, कोयता निघायच्या आधी. अर्पणाचा लिलाव नेहमीसारखा: बाजरी, भुईमूग, लिंबं, अंडी, कोंबड्या. लिलावातला एक हिस्सा यंदा वेगळा काढायचा, पाळकसाहेबांच्या पेट्रोलसाठी, म्हणजे जानेवारीत ते तळावर जातील. पाळकसाहेब तयार आहेत. म्हणाले, फक्त टोळी कुठल्या कारखान्यावर आहे ते आधी कळवा, मागच्या वेळी मी चुकीच्या तळावर अर्धा दिवस फिरलो.

बुधवार बंद होणार नाही. घरोघर जाणार, बिनचहाचा. आईने चुलीपुढच्या मावशींचा शेजारणीचा नियम ऐकला आणि लगेच म्हणाली, आपल्या दोन जावांचं जमायचं नाही. म्हटलं, म्हणूनच.

पाळी लावून बोलण्याचं (आयझॉलकर, धन्यवाद) पंचांना पटलं नाही. पाळकाशिवाय उपदेश म्हणजे आगाऊपणा, असं दोन वडिलांचं म्हणणं. गंमत म्हणजे त्यातल्या एकाचे आजोबा या गावचे मास्तर होते आणि आयुष्यभर दर रविवारी तेच उपदेश करत. हे त्यांना मीच सांगितलं. ते म्हणाले, तो काळ वेगळा होता. यावर पुन्हा बैठक आहे.

द्राक्षारस, तुमच्यासारखी आमची दोन पोरं शेडमधून बुधवारी येऊन वाचायला तयार झाली आहेत. रविवारी तिकडे, बुधवारी इकडे. काही वडिलांना हेही चालत नाही. मला चालतं. म्हाताऱ्यांना डोळे मिळाले.

नवा_द्राक्षारस

मोठ्याने प्रार्थना करू देणार का त्यांना?

बाजरीचं_कणीस

आईचा निरोप: करू दे, पण आधी गाणं उपासना संगीतातलं, आणि पेटीवर.

त्यावरून आठवलं. पेटीचा भाता फाटलाय आणि दोन काळ्या पट्ट्या बसल्यात. शेवगाव-नेवासा-पैठण भागात पेटी दुरुस्त करणारं कुणी आहे का? नगरला न्यायची म्हणजे गाडी करावी लागते.

वारीतला_एक

आमच्या भजनी मंडळाची पेटी पैठणला एका कारागिराकडे जाते. माणूस चांगला आहे, पण एकादशीच्या आठवड्यात जाऊ नका, सगळ्या दिंड्यांच्या पेट्या त्याच्याकडे असतात. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करतो. आमची जुनी पेटी पडून आहे, तोवर ती न्या.

तर्कटराव

लिलावात कोंबडीवर नास्तिकाने बोली लावली तर चालते का?

बाजरीचं_कणीस

चालते. उधारी नाही. आणि आमचे लिलाव पुकारणारे आजोबा गावठी कोंबडा बाजारभावाच्या तिप्पट गेल्याशिवाय हातोडी मारत नाहीत, तेवढे पैसे खिशात घेऊन या.